दोन पाटे जास्त

"एक पाटा वाढवायचा की दोन?"

हेमलता गाडीखालून विचारत होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे कॅनव्हासचे बूट आणि खाकी पँटचे दुमडलेले काठ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या काळी गाडीखाली शिरलेली बाई बघायला लोक सायकलवरून उतरायचे. आमच्या दुकानासमोर त्या सकाळी सायकलींची जत्रा भरली होती.

"दोन," मी म्हणालो.

"एकानं नाही भागणार?"

"भागेल की. एसटीला भागेल. शर्यतीला दोन."

"इटलीत दोन टाकतात?"

मी इस्माईलकडं बघितलं. इस्माईल शिकलगार माझा भागीदार, तरी मला मालकच म्हणायचा; भट्टीचं काम त्याच्याकडं. तो भात्याजवळ उभा राहून माझ्याकडं असा श्रद्धेनं बघत होता, की त्याचं मन मोडणं बरं दिसलं नसतं.

"इटलीत," मी म्हणालो, "दोन टाकतात, वर तिसरा ठेवून बघतात. गाडी नको म्हणाली तर काढतात."

गाडीखालून हसू ऐकू आलं. "गाडी नको कशी म्हणते?"

"त्याला कान लागतात, पोरी."

"आणि मालकांना ते आहेत," इस्माईल सायकलवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

आमचं दुकान पाट्यांचं. गाडीच्या मागच्या आसाखाली पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, तिला आम्ही पाटे म्हणतो. चाकानं खड्डा खाल्ला तर तो पाट्यांनी पचवायचा, माणसाच्या पाठीपर्यंत येऊ द्यायचा नाही. पण कोल्हापूरला पाठीची चिंता कुणाला होती! आमची गिऱ्हाइकं उसाचे ट्रकवाले. ट्रकवर मावेल त्याच्या दीडपट ऊस भरायचा आणि ट्रक मागून बसला की आमच्याकडं यायचं. "हुक्केरीशेठ, एक पाटा वाढवा." हुक्केरी म्हणजे मी. आम्ही वाढवायचो. वाढवून ट्रक असा कडक व्हायचा, की रिकामा धावताना ड्रायव्हरची टोपी निपाणीला उडायची आणि संकेश्वरला परत डोक्यावर बसायची.

आता इटलीचं. मी तरुणपणी बोटीवर फिटर होतो, जिनोवा बंदरात बोट नादुरुस्त झाली, तेव्हा मी तिथल्या एका शर्यतीच्या गाड्यांच्या कारखान्यात वर्षभर काम केलं, हे उद्यमनगरात लहान पोरालाही माहीत होतं. तिथला म्हातारा उस्ताद बॉनेटवर वाइनचा काठोकाठ भरलेला प्याला ठेवून गाडी वळणातून काढायला लावायचा. थेंब सांडला तर पाटे पुन्हा भट्टीत. माझ्या हातच्या पाट्यांवर थेंब सांडला नाही, उलट प्याला वळणातून परत आला तेव्हा थोडा जास्तच भरलेला होता. ही गोष्ट मी चहाच्या गाड्यावर इतक्या वेळा सांगितली, की मला तो प्याला डोळ्यांपुढं दिसायचा. इस्माईलनं तीत स्वतःची भर घातली होती. त्याच्या गोष्टीत मला उस्तादाची मुलगी सांगून आली होती आणि मी केवळ आईच्या आठवणीनं परत आलो होतो.

खरं म्हणाल तर मी मुंबईच्या गोदीत बोटींचा जुना रंग खरवडत होतो. एकदा एका इटालियन खलाशानं मला सिगारेट दिली. इटलीशी माझा संबंध त्या सिगारेटीपुरता, आणि तीही दमट होती.

हेमलता गाडीखालून बाहेर सरकली. गालावर वंगणाचा पट्टा. वय चोवीस-पंचवीस असेल. गाडी लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची, इंग्लंडहून कुण्या जहागीरदारानं मागवलेली. तिचे वडील आप्पासाहेब रणनवरे त्या जहागीरदाराच्या मोटारखान्याचे प्रमुख होते. जहागिरी गेली तेव्हा पगाराऐवजी ही गाडी त्यांच्या पदरात पडली. पुढच्या चाकांना तिला गुंडाळी स्प्रिंगा होत्या, पण मागं आपले ओळखीचे पाटे होते, म्हणून तर ती आमच्या दारात आली.

"वळणावर फार कलते काका," ती हात पुसत म्हणाली. "आतलं चाक हलकं होतं. मला भीती नाही वाटत, पण वेळ जातो. मुंबई-पुण्याची पोरं तिथंच मला मागं टाकतात."

"ह्या वेळी नाही टाकायची."

"ह्या वेळी टाकलं तर संपलंच." ती गाडीच्या दारावर टेकली. "आप्पांनी एकच शर्यत दिलीय. पहिल्या तिघांत आले तर गाडी माझी. मग फेब्रुवारीत मद्रासच्या शर्यतीला जायचं. नाही आले तर मिरजेचे गुलाबराव बँडवाले वाट बघत बसलेत."

"बँडवाल्याला शर्यतीची गाडी कशाला?"

"वरातीला! नवरदेव मिरवायला. टप उघडा आहे ना, चेहरा सगळ्यांना दिसतो."

इस्माईलला हसू फुटलं. तिनं त्याच्याकडं बघितलं तसं त्यानं भात्याचं हँडल धरलं आणि जोरजोरात वारा घालायला लागला.

"तुमच्यावर सोपवलंय," ती मला म्हणाली. "पुण्यात एकानं सांगितलं, बेताबेतानं बदला, आधी पुढचं बघा, मागचं बघा, दोन्हीचा मेळ घाला. मी म्हटलं, कोल्हापुरात इटलीचा माणूस आहे, मी पुण्याचं कशाला ऐकू?"

त्या वेळी बोलायला जागा होती. मी चहा मागवला.

पाटे मी जीव ओतून केले, त्यात खोट नव्हती. इस्माईलनं पोलाद तापवलं, मी वाकवलं, तेलात बुडवलं. मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले, त्यांना आसाशी धरणारे यू-बोल्ट आवळले. गाडीच्या मागच्या अंगावर इस्माईल उभा राहून नाचला तरी ती दबेना. सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कडक!" इस्माईल म्हणाला. कोल्हापुरात ह्या शब्दाच्या पुढं कौतुक नाही. चहा कडक, मिसळ कडक, पैलवान कडक. गाडी कडक झाली म्हणजे आमच्या लेखी ती जिंकली होती.

शर्यत होती लढाईच्या काळातल्या एका पडीक धावपट्टीवर, राज्याच्या सरहद्दीच्या पलीकडं. सिमेंटच्या मोठमोठ्या लाद्यांची धावपट्टी. लाद्यांच्या सांध्यांत गवत उगवलेलं, कुठं एक लादी वर, कुठं दुसरी खाली. तेलाची पिंपं ठेवून वळणं आखली होती. आम्ही सकाळीच पोचलो. मी मुद्दाम शिवलेली पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घातला होता, कारण इस्माईलनं सांगितलं होतं, "मालक, तिथं लोक तुम्हाला बघायला येणार."

आणि आले की! इस्माईल आदल्या दिवशीच ट्रकनं पुढं गेला होता, आणि त्यानं तंबूतंबूत बातमी पोचवली होती. मुंबईचे दोघं-तिघं माझ्याशी हात मिळवून गेले. एकानं तर नमस्कार केला. आप्पासाहेब रणनवरे वेताच्या खुर्चीत बसले होते, डोक्यावर शिकारीची जुनी हॅट.

"हुक्केरी," ते म्हणाले, "मी मोटारखान्यात आयुष्य काढलं. मला मागची बाजू जरा जास्त उंच वाटते."

"ती बसेल, आप्पासाहेब. सिमेंटवर बसते."

"सिमेंटवर बसते?"

"इटलीतसुद्धा बसायची."

त्यांनी हॅट जरा मागं केली आणि माझ्याकडं बघितलं.

हेमलता सरावाला निघाली. सरळ रस्त्यावर गाडी गोळीसारखी गेली. पहिल्या वळणावर मात्र मी जे बघितलं, ते बघून माझ्या हातातला चहा थंड झाला. गाडी कलली नाही, हे खरं. पण प्रत्येक सांध्यावर मागची चाकं जमीन सोडून बेडकासारखी उडत होती. दुसऱ्या वळणावर मागचा भाग सरळ बाहेर निघाला. तिनं सुकाणू उलट फिरवून कसाबसा ओढून आणला.

मला त्या क्षणी कळलं. उसाच्या ट्रकला मागं ओझं असतं, म्हणून आपण मागं पाटे वाढवतो. ह्या गाडीच्या मागं ओझं काय, तर पेट्रोलची टाकी आणि एक स्टेपनी. मी चार टन उसाची तयारी करून ठेवली होती आणि ऊस नव्हता. पुढच्या स्प्रिंगांना मी हातही लावला नव्हता. हादरा जिरवणारे शॉकॲब्सॉर्बर तसेच जुने, त्यांना ती उडी आवरत नव्हती. मागून दगड आणि पुढून गादी.

ती परत आली. गाल लाल, डोळे चमकत होते. "काका! मागची बाजू नाचते! असंच असतं ना?"

तंबूतले पाच-सहा जण माझ्या तोंडाकडं बघत होते.

"असंच," माझ्या तोंडून निघालं. "सुरुवातीला असंच."

"बघा, मी म्हटलं नव्हतं!" ती मुंबईवाल्यांना म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला पिंपांची रांग होती, आणि पिंपांच्या मागं आसपासच्या खेड्यातले लोक बायकापोरांसकट येऊन बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता खरं बोललो.

"हेमा, इकडं ये. गाडी शर्यतीत घालू नकोस. पाटे चुकलेत."

"म्हणजे?"

"मी इटलीत कधी गेलेलो नाही."

ती बाटली तोंडाला लावलेली तशीच थांबली.

"बोटीवरसुद्धा नव्हतो. गोदीत रंग खरवडत होतो. मला ट्रकचे पाटे येतात, ह्या गाडीतलं मला काही कळत नाही."

मग मुंबईवाल्यांतला एक जण खो खो हसायला लागला. "काय माणूस आहे! शर्यतीच्या आधी ड्रायव्हरला हसवून मोकळं करतो!" त्याचं हसणं दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. हेमलतानं बाटली खाली ठेवली आणि तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"काका, तुम्ही म्हणजे ना!"

"अगं, देवाशपथ सांगतो!"

ह्यावर तर लोक पोट धरून बसले. मी इस्माईलकडं वळलो. "तू सांग की बाबा!"

इस्माईल माझ्याजवळ आला, दंड धरून मला बाजूला घेतलं. "मालक, हे काय लावलंय? आपल्याच दुकानाची बदनामी? चार माणसं मोठं म्हणतायत ते बघवत नाही व्हय?"

"अरे पण मी खरंच गेलो नव्हतो!"

"असं कसं? त्या पोरीचं नाव काय होतं मग, उस्तादाच्या?"

"ती तू घातलीस!"

तो माझ्याकडं दुखावल्यासारखा बघत राहिला. त्याला ती पोरगी खरीच वाटत होती.

तेवढ्यात हेमलतानं हाक मारली. "काका, अजून एक फेरी देतायत सरावाला. चला, बसा शेजारी. कुठं काय चुकतं ते बसल्या जागी सांगा." तिनं दार उघडून धरलं. सगळे बघत होते. नाही म्हणायला कारण नव्हतं. जे होतं ते आत्ताच सांगून झालं होतं आणि त्याच्यावर लोक हसले होते.

मी बसलो.

वेगाबद्दल मी आजवर पुष्कळ थापा मारल्यात, पण त्या फेरीबद्दल मारायची गरज नाही. सरळ रस्त्यावर वाऱ्यानं माझे गाल कानापर्यंत गेले. प्रत्येक सांध्याला माझ्याच हातचा पाटा माझ्या कण्यात वाजत होता. ती ओरडून काहीतरी विचारत होती, मी समोरची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर गाडी उडाली, मागचा भाग सुटला, आणि मग काय पुढं, काय मागं ते समजेना. पिंपं, आभाळ, पिंपं, लाल लुगडी, पिंपं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि पिंपांच्या अलीकडं थांबली. पलीकडं एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि शेंग तोंडात टाकली.

"बसलात ना नीट?" हेमलता म्हणाली आणि माझ्याकडं वळली.

मी मांड्या आवळून बसलो होतो. पांढरी पँट. काही लपत नव्हतं. पुढून थेट गुडघ्यापर्यंत ओली, आणि सीटवर थारोळं.

तिनं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. त्या एका नजरेत तिला इटलीचं सगळं कळलं. गोदीसुद्धा कळली.

तिनं गाडी पुन्हा सुरू केली. तंबूकडं न वळता धावपट्टीच्या लांबच्या टोकाला नेली, जिथं कुणी नव्हतं. इंजिन बंद केलं, उतरून बॉनेट उघडलं. हत्यारांच्या पिशवीतून चाकू काढला आणि पाण्याच्या टाकीवरून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी एका अंगानं कापली. लांब उभी राहून कापली. वाफेचा फवारा उडाला. मग सीटच्या मागचा पाण्याचा डबा उचलला आणि माझ्याजवळ आली.

"हे थंड आहे," ती म्हणाली. "घाबरू नका."

आणि तिनं तो सगळा डबा माझ्या पोटावर, मांड्यांवर, सीटवर ओतला.

"हेमा..."

"उतरा. तुम्ही बॉनेट उघडलंत, नळी फुटली, पाणी अंगावर उडालं. बोलायचं मी बोलते."

लोक पळत आले. सगळ्यांत पुढं इस्माईल. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नळी फुटली. काकांनी वेळेवर बघितलं म्हणून बरं."

"भाजलं का, मालक?" इस्माईलनं माझे हात चाचपले. मग त्यानं नळी बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "हात्तिच्या! एवढंच? सायकलची ट्यूब गुंडाळतो, वर तार आवळतो, शर्यत संपेपर्यंत थेंब गळायचा नाही!" तो पळत सुटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "नको, इस्माईलभाई."

"अहो, दहा मिनटांचं काम..."

"नको म्हणते ना. शर्यतीत नाही उतरत मी."

आता मला तिचं कळलं. ट्यूब बांधायची तर गाडी तंबूपाशी न्यायची, ओली सीटं काढायची, दहा हात लागणार, आणि मला त्यांच्यात उभं राहायचं. नुसतं पाणी आणि हे, ह्यातला फरक नाकाला कळतो.

आप्पासाहेब सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, आपल्या वेळानं आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून नळी हातात धरली, कापलेली कड अंगठ्यानं चाचपली. मोटारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. फुटलेल्या नळीची कड कशी असते आणि कापलेल्या नळीची कशी, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

त्यांनी नळी सोडली आणि हात रुमालाला पुसला. आवाज चढवला नाही.

"भीती वाटली तर तसं सांगायचं होतंस, बाळ. मी काही बोललो नसतो. कापायचं कशाला?"

हेमलतानं बॉनेट बंद केलं. तिनं एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं.

मी तिथंच होतो. त्या बापलेकीपासून दोन हातांवर, अंगावर पाणी निथळत. मला बोलता येत होतं. उद्यमनगरात माझ्याइतकं बोलता येणारा माणूस नव्हता. मी बोललो असतो तरी कुणी विश्वास ठेवला नसता, सगळे पुन्हा हसले असते, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. माझ्या सगळ्या थापांत ही एक मात्र अजून कुणाला पटलेली नाही. मलाही नाही.

"गाडी ट्रकवर चढवा," आप्पासाहेब म्हणाले आणि खुर्चीकडं निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात ती गाडी घेऊन दुकानात आली. ह्या वेळी गाडीखाली शिरली नाही, बाकावर बसली.

"ते दोन पाटे काढा, काका. गुलाबराव म्हणतात, नवरदेव उडता कामा नये."

इस्माईलला वाटलं, आम्ही कापलेल्या नळीवरून भांडलोय. तो दोघांना चहा देऊन निमूट भट्टीकडं गेला. मी पाटे काढले. इतक्या सावकाश यू-बोल्ट मी कधी सोडवले नव्हते. ती मिरजेला निघाली तेव्हा म्हणाली, "येता? परत येताना एसटीनं येऊ. मला एकटीला नको वाटतं."

रस्त्याला वर्दळ नव्हती. जुन्या पाट्यांवर गाडी रस्त्याला धरून चालली होती. जयसिंगपूरच्या अलीकडं एक लांब वळण येतं, तिथं तिनं वेग वाढवला. मी पट्टी धरली नाही. गाडी कलली, पण जमिनीला चिकटून, पाण्यातून नाव वळावी तशी वळली. चाकं कुठंच सुटली नाहीत.

"अशीच शर्यतीत घातली असती तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तिसरी आले असते," ती म्हणाली. "तुमच्या दोन पाट्यांवरसुद्धा आले असते. मागची बाजू नाचते हे एकदा कळलं की वळणाच्या आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, संपलं. त्या गरगरण्यात मला कळलं होतं ते."

"मग नळी कशाला कापलीस, पोरी? माझी पँट ओली झाली असती लोकांपुढं, एवढंच ना? चार दिवस हसले असते. मी थापाड्या, मला सवय आहे."

तिनं गिअर बदलला.

"तुम्ही खरं बोललात तेव्हा मी हसले ना," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त मीच हसले. त्याच दिवशी दुसऱ्यांदा तुमच्यावर हसू देणार होते का मी लोकांना?"

"आप्पासाहेबांना तरी सांग. मी येतो, मी सांगतो."

"सांगून झालंय. त्यांना वाटतं, मी आता भीती लपवायला तुम्हाला पुढं करतेय." ती जरा हसली. "तुमचं नाव घेतलं की कुणाला खरं वाटतच नाही, काका. काय करायचं ह्याला?"

मिरजेत गुलाबरावांचं आवार मोठं होतं. मधोमध चिंचेचं झाड, झाडाखाली खुर्च्या टाकून क्लॅरिनेटवाले आणि ढोलवाले तालीम करत होते. गुलाबराव जाडजूड, मिशांना कलप. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, सीट दाबून बघितली.

"बैठक झकास आहे. पण बाई, एक शंका आहे. वेग मला नको. वरातीत गाडी माणसाच्या पावलानं चालली पाहिजे, बँडच्या मागं, तासतासभर. आमचा ड्रायव्हर म्हणतो, असल्या गाड्या हळू चालत नाहीत. गचके खातात."

"चालते," हेमलता म्हणाली. "ड्रायव्हरला बोलवा. शिकवते."

तिनं ड्रायव्हरला शेजारी बसवलं. गुलाबरावांनी बँडवाल्यांना पुढं उभं केलं. ढोलाचा ठेका सुरू झाला आणि लोक पाय उचलत चालायला लागले. त्यांच्या मागं गाडी हलली, इतकी हळू की चाकाच्या आऱ्या मोजाव्यात.

"सगळी गाडी डाव्या पायावर ठेवायची," ती ड्रायव्हरला सांगत होती. "अर्धा क्लच. जरा दाब, जरा सोड. उजवा पाय विसरायचा. आहे हेच विसरायचं."

मी मागून चालत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

गाडी एकदाही गचकली नाही. आवाराच्या टोकाला बँड चिंचेला वळसा घालून सरळ आला. त्यांच्या मागं ती झाडाजवळ पोचली आणि त्या मुंगीच्या वेगात तिनं गाडी आधी बाहेरच्या अंगाला, पार भिंतीपर्यंत नेली, मग हळूच आत आणून बुंध्याला चाटवून काढली आणि पुन्हा बाहेर सोडली. धावपट्टीवर पिंपांच्या वळणावर घ्यायची, अगदी तशी.

"एवढं लांबून कशाला वळवता, बाई?" गुलाबरावांनी ओरडून विचारलं. "जागा आहे की सरळ!"

"सवय आहे," ती म्हणाली. "जाईल."